कॉलेजात संगीताची थिअरी आणि कॉम्पोझिशन शिकतात, म्हणजे नेमकं काय शिकतात?

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथल्या घरांत कॉलेजांच्या विषययाद्या उघडल्या जातात, आणि हल्ली त्या वाचून आईवडील चक्रावतात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मुख्य विषय तो मेजर, त्याच्या जोडीचा मायनर आणि स्वतःच्या शाखेबाहेरचा ओपन इलेक्टिव्ह, अशी मांडणी आली. कॉलेजने विषय ठेवला असेल, तर कॉमर्सचा मुलगाही आता संगीताचे तास घेऊ शकतो आणि ते पदवीत धरले जातात. शिवाय संगीतातच पूर्ण पदवी करण्याचा मार्ग आहेच. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठाचा आहे.

मग प्रश्न येतो तो असा: गाणं तर क्लासला शिकतातच, कॉलेजात त्यात आणखी काय शिकवणार? चाल सुचायची तर सुचते, ती कुणी शिकवून सुचते का? प्रश्न रास्त आहेत. गाणं शिकणाऱ्या मुलांबरोबर मी रोज बसते. माझं सरळ मत सांगते: कॉलेजातली थिअरी हा आधी कानाचा अभ्यास आहे आणि मग कागदाचा. ज्या अभ्यासक्रमात हा क्रम उलटा आहे, तिथे मुलांची वर्षं वाया जातात.

शास्त्राचा पेपर वेगळा, ही थिअरी वेगळी

आपल्याकडे संगीताचं शिक्षण म्हटलं की गांधर्वच्या परीक्षा डोळ्यांसमोर येतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं, आणि आज वाशीतही मंडळाची मोठी वास्तू आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी ठाण्यातल्या कितीतरी मुलामुलींनी चढलेली आहे. त्यात प्रात्यक्षिकाबरोबर शास्त्राचा पेपर असतो: रागाचा थाट (राग ज्या सात स्वरांच्या गटात बसतो तो), वादी-संवादी (रागातले सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर), जाती (रागात किती स्वर लागतात ते), गानसमय, तालाचे बोल. बहुतेक मुलं तो पाठ करून देतात. त्यात त्यांचा दोष नाही, प्रश्नच तसे येतात.

कॉलेजची थिअरी तिथून पुढे सुरू होते. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. शास्त्राच्या पेपरात लिहायचं की भूपाचा वादी गंधार, म्हणजे ग, आणि देशकाराचा धैवत, म्हणजे ध. थिअरीच्या तासाला मात्र विचारतात, हे तू कशावरून ओळखलंस? मग दोन ध्वनिमुद्रणं लावायची आणि मोजायचं: गायक कुठल्या स्वरावर किती वेळ थांबतो, वाक्य कुठे संपवतो, पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, किती फिरतो, उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, किती. तेच स्वर असूनही दोन वेगळी माणसं समोर उभी राहतात, ती याच गोष्टींमुळे. वादी हा शब्द एकदा असा कानाने कमावला की पुन्हा पाठ करावा लागत नाही.

बारा पट्ट्यांचा हिशेब

स्वर म्हणजे कंपन. सेकंदाला २४० कंपनं हा सा धरला, तर तार सा बरोबर दुप्पट, ४८०. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे ३००. हे आकडे सोपे आहेत आणि कानाला गोड लागण्याचं मोठं कारण हेच सोपेपण आहे. तानपुरा नीट जुळला की न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो, कारण खरजाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेत पाचपट कंपनांचा स्वर मुळातच दडलेला असतो.

आता पेटी किंवा कीबोर्ड घ्या. एका गायकाला सा म्हणून काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, लागते, दुसऱ्याला पांढरी एक, आणि प्रत्येकासाठी वाद्य पुन्हा जुळवणं शक्य नाही. म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केले. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. याला समान-विभागी सप्तक म्हणू. यात कुठलीही पट्टी सा मानून वाजवता येतं, पण किंमत मोजावी लागते. पंचम ३५९.६ वर येतो, तो फरक फारसा जाणवत नाही. गंधार मात्र ३०२.४ वर चढतो. ३०० आणि ३०२.४ एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा फुगतो आणि ओसरतो. तानपुऱ्याबरोबर पेटीचा गंधार दाबून धरा, ही थरथर ऐकू येईल. एकदा ऐकली की ती विसरता येत नाही.

हा नुसता बारकावा नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. त्यामागे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि स्वर आपल्या रागांना जुळत नाहीत, हेच आक्षेप होते. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप, कीबोर्ड आणि गळा एकाच गाण्यात एकत्र आणणाऱ्या प्रत्येक मुलाला हा जुना वाद सोडवावा लागतो. थिअरी शिकलेल्याला निदान कळतं की काय खटकतंय. मग तो गायकाच्या लांब गंधाराखाली कीबोर्डचा गंधार वाजवतच नाही, ती जागा मोकळी सोडतो.

कॉर्ड म्हणजे काय, आणि तो कुठे नेतो

तीन किंवा जास्त स्वर एकदम वाजले की कॉर्ड. सा-ग-प हा सर्वांत ओळखीचा. एकामागून एक कॉर्ड कसे यावेत, याच्या अभ्यासाला हार्मनी म्हणतात, आणि कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांतला बराच वेळ यात जातो.

घरी कीबोर्ड असेल तर हे करून बघा. उजव्या हाताने मध्य सप्तकातला ग दाबून ठेवा, सोडू नका. डाव्या हाताने खाली सा-ग-प वाजवा: गंधार निवांत बसलेला वाटतो. आता खाली ग-प-नी वाजवा: तोच स्वर जरा कोरडा, एकटा वाटू लागतो. ध-सा-ग वाजवा: उदासपणा येतो. शेवटी म-ध-सा वाजवा: गंधार आता कॉर्डमधला स्वरच नाही, तरी हवासा वाटतो, काहीतरी राहून गेल्यासारखा. वरचं बोट जागचं हललेलं नाही. चाल तीच ठेवून गाण्याचा भाव बदलणं म्हणजे काय, ते या चार कॉर्डांत कळतं. माझ्या मते हार्मनीचा पहिला तास फळ्यावर न घेता असाच घ्यायला हवा.

पुढची पायरी म्हणजे कॉर्डांची ओढ. प-नी-रे वाजवला की नीला वरच्या सा वर जाण्याची घाई असते, कारण दोघांत अर्ध्याच स्वराचं अंतर आहे. म्हणून त्यानंतर सा-ग-प आला की वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. ही ओढ ताणता येते, चुकवता येते, वळवताही येते. ठाण्याहून सुटणारी वाशी लोकल आणि पनवेल लोकल तुर्भ्यापर्यंत एकाच वाटेने जातात. तिथून पुढे एक सानपाडा-वाशीकडे जाते, दुसरी जुईनगर-नेरूळकडे. काही कॉर्ड तुर्भ्यासारखे असतात. सा-ग-प आपल्या सप्तकात घरचा कॉर्ड, पण मध्यमाला सा मानलं तर तोच पंचमाचा कॉर्ड ठरतो. त्यात कोमल नी मिसळला की कान आपोआप मध्यमाच्या घराकडे वळतो, आणि गाण्याचा सा बदलल्याचा धक्काही बसत नाही. यालाच मॉड्युलेशन म्हणतात. मध्यमाला सा मानून गाण्याची रीत आपल्या गवयांना नवी नाही. इथे फक्त कॉर्डांच्या आधाराने तीच वाट धरली जाते.

चाल बांधणं शिकवता येतं का?

सुचणं शिकवता येत नाही. सुचलेल्याचं पुढे काय करायचं, ते शिकवता येतं, आणि कॉम्पोझिशनचा सगळा अभ्यास त्याचाच आहे. नवशिक्यांची अडचण बहुतेक वेळा अशी असते: पहिली ओळ झकास सुचते, दुसऱ्या ओळीला तीच ओळ पुन्हा येते, आणि अंतऱ्यात भलतंच गाणं सुरू होतं.

म्हणून बंधनं घालून गृहपाठ देतात. पाचच स्वर, आठच मात्रा, त्यातून तीन वेगळी वाक्यं कर. एक छोटा तुकडा घे, सा रे ग प इतकाच. तो एक स्वर वर सरकव, मग उलटा कर, मग दुप्पट संथ कर. आता त्या चारांतून ध्रुवपद बांध. हे करताना पहिल्यांदा कळतं की मोठ्या संगीतकारांच्या अंतऱ्यात मुखड्याचाच एखादा तुकडा वेषांतर करून आलेला असतो, म्हणूनच गाणं एकसंध वाटतं.

लयीचा हिशेबही यातच येतो. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. सोळा मात्रांच्या त्रितालात समेवर सुरू करून पुढच्या समेवर तिहाई संपवायची, तर शेवटची सम धरून १७ मात्रा मिळतात. पाच मात्रांचा तुकडा तीनदा म्हणजे १५, मध्ये एकेका मात्रेच्या दोन विश्रांती, झाले १७. दहा मात्रांच्या झपतालात असेच ११ मिळतात: तुकडा तीनचा, विश्रांती एकेकीची. तबल्याची मुलं हे बोटांवर करतात. कॉम्पोझिशनच्या तासाला त्यांना हाच हिशेब व्हायोलिनच्या ओळीसाठी मांडायला सांगतात, आणि ती पटकन पुढे जातात.

नियमांनी प्रतिभा मरत नाही का?

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकते, आणि तो मनापासून घेतलेला असतो. त्याचं उत्तर एका प्रसिद्ध नियमात आहे. चार आवाजांसाठी लिहिताना दोन आवाज सा-प अंतर राखून एकाच दिशेने सरकू नयेत, असं युरोपी पद्धतीत शिकवतात. मुलं विचारतात, का? वाईट वाटतं का ते? अजिबात नाही. रॉकमधला गिटारवाला दिवसभर हेच करतो. पण सा आणि प इतके मिसळून जातात की दोन आवाज एक होऊन ऐकू येतात. चर्चच्या समूहगायनात चारही आवाज सुटे ऐकू यायला हवे होते, म्हणून तिथे हे टाळलं गेलं. हेतू कळला की नियमाचं काय करायचं ते आपण ठरवतो: आवाज सुटे हवेत तर पाळायचा, एक जाड आवाज हवा तर खुशाल मोडायचा. हेतू न सांगता लाल पेनाने चुका काढणारा शिक्षक भेटला, तर मात्र मूल खरंच कोमेजतं. हा धोका मी नाकारत नाही.

आपल्या रागसंगीतात हे पाश्चात्त्य कशाला?

थिअरी म्हणजे पाश्चात्त्य, हे मुळातच खरं नाही. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. श्रुती, स्वर, ताल, वाद्यं, नृत्य यांची इतकी शिस्तशीर मांडणी आपल्याच मातीत झालेली आहे. विसाव्या शतकात पं. भातखंड्यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा, म्हणजे रागांतल्या बंदिशी, मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि राग दहा थाटांत लावले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब: ही खूण आज शाळकरी मूलही वाचतं.

भातखंड्यांची मांडणीही शेवटचा शब्द नाही, आणि चांगल्या वर्गात त्यावरही वाद होतो. मारवा, पुरिया आणि सोहनी या रागांचे स्वर एकच, थाटही एकच. मग थाट कळल्याने हातात काय आलं? रागाचा जीव चालीत आणि स्वरलगावात असतो, तिथे थाट पोचत नाही. असे प्रश्न विचारायची सवय लागणं, हीच थिअरीची खरी कमाई.

पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपीही मी जरूर शिका म्हणेन. एकाच वेळी वीस वादकांनी काय वाजवायचं ते लिहायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मींड, आंदोलन (स्वराचं संथ झुलणं), कणस्वर (मुख्य स्वराला निसटता लागणारा स्वर) लिहायला ती अपुरी पडते. तिथे आपली लिपी आणि गुरूचा गळा.

अठराव्या वर्षी उशीर झाला का?

वाजवण्यातली सफाई लहानपणी लवकर येते, यात शंका नाही. पण थिअरीला अठरा हे वय चांगलं आहे, कारण कारणं विचारायची बुद्धी तयार झालेली असते. कुठलाही आवाज ऐकून ही काळी चार असं झटकन सांगणारा कान फार थोड्यांना असतो, आणि त्याची गरजही नाही. गरज असते ती दोन स्वरांतलं अंतर ओळखण्याची, आणि ती ओळख सरावाने येते. रोज पंधरा-वीस मिनिटं, मोठ्याने गाऊन. सा-म गा, सा-प गा, सा-कोमल ध गा. मग कुणाला तरी वाजवायला सांगा आणि ओळखा. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. ठाण्यातल्या मासुंदा तलावाला रोज फेरी मारत असाल, तर तेवढ्या वेळातही हे गुणगुणून होतं.

पोटापाण्याचं काय?

पदवी हाती आली की काम मिळेल, असं मी कुणाला सांगणार नाही. पण हे ज्ञान कुठे लागतं ते इतिहासात दिसतं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात चाल बांधणाऱ्या संगीतकाराच्या शेजारी अरेंजर बसायचा. कुठलं वाद्य कधी काय वाजवेल, ते तो कागदावर उतरवायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. गोव्यातल्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या अशा कितीतरी वादकांवर तो काळ उभा होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी गोन्साल्विसांकडेच व्हायोलिन शिकले. आज ते काम संगणकावर होतं, पण कुणाला तरी ठरवावंच लागतं. मालिका, नाटक, जाहिरात, माहितीपट, नृत्याचे कार्यक्रम, शाळेतलं संगीत शिक्षण, सगळीकडे.

आणखी एक गोष्ट प्रत्येक होतकरू संगीतकाराला माहीत हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क त्यानंतर करारानेही काढून घेता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजण्याखेरीज इतर वापरांत त्यांना बरोबरीचा वाटा आहे. संगीताची कृती म्हणजे काय, याच्या कायद्यातल्या व्याख्येत स्वरलेखनही धरलेलं आहे. तेव्हा आपली चाल स्वरलिपीत उतरवा, खाली तारीख घाला, रेकॉर्डिंग जपून ठेवा.

एआय गाणं करतं, मग शिकून काय उपयोग?

दोन ओळी टाइप केल्या की तयार गाणं मिळतं, हे खरं. स्वस्त पार्श्वसंगीताची कामं त्याने कमी होतील, ही भीतीही मला रास्त वाटते. पण असं गाणं पुढ्यात आलं आणि दिग्दर्शक म्हणाला की दुसऱ्या कडव्यात जरा अस्वस्थ वाटायला हवं, तर काय बदलायचं ते ज्याला ऐकू येतं, तोच ते दुरुस्त करील.

फॉर्म भरण्याआधी

पदवीचा अभ्यास क्रेडिट या एककात मोजतात. थिअरीच्या एका क्रेडिटमागे १५ तास धरतात, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटमागे ३०. म्हणजे दोन क्रेडिटचं थिअरीचं ओपन इलेक्टिव्ह घेतलं तर अख्ख्या सत्रात ३० तास. तेवढ्यात स्वरांतरं, थाट, मुख्य ताल, स्वरलिपी आणि फार तर चार-सहा कॉर्ड होतील. कॉम्पोझिशन होणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. कॉम्पोझिशनला मायनर किंवा पूर्ण पदवीच हवी.

कॉलेजात चौकशीला गेलात तर अभ्यासक्रमाची छापील यादी बघून परत येऊ नका. कान तयार करण्याचा वेगळा तास आहे का, ते विचारा. विद्यार्थ्यांनी लिहिलेलं वादकांकडून वाजवून घेतात का, की वहीतच राहतं? वर्गात एका वेळी किती मुलं असतात? शिकवणारी व्यक्ती स्वतः काही बांधते, वाजवते का? जमलं तर एका तासाला मागे बसू द्या म्हणून विनंती करा. त्या तासात वाद्याला एकदाही हात लागला नाही, कुणी काही गायलं नाही, नुसतं उतरवून घेणं चाललं होतं, तर दुसरं कॉलेज बघा. आणि मूल आधीच एखाद्या गुरूकडे शिकत असेल, तर कॉलेज सुरू झालं म्हणून तो क्लास बंद करू नका.